कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाणी शिकवायचं तर सुरुवात चारीपासून करा

प्रश्न असा आला आहे. मराठवाड्यातल्या एका विधी महाविद्यालयात पर्यावरण कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला पुढच्या सत्रापासून 'जलशासन आणि हवामान न्याय' हा ऐच्छिक विषय सुरू करायचा आहे. विद्यार्थी बहुतेक शेतकरी कुटुंबांतले, ग्रंथालय बेताचं. अभ्यासक्रमाचा जो नमुना हाती आला आहे तो 1972 च्या स्टॉकहोम परिषदेपासून सुरू होऊन पॅरिस करारावर संपतो. या मुलांना नेमकं काय शिकवावं आणि कसं, असं त्या विचारतात.

मॅडम, तो नमुना सध्या बाजूला ठेवा. स्टॉकहोम आणि पॅरिस सत्राच्या शेवटच्या दोन आठवड्यांत घ्या, तोवर मुलांना ते कशासाठी वाचायचं हे कळलेलं असेल. मी पाण्याच्या प्रकरणांत वकिली करतो आणि जोडीने विद्यार्थ्यांचं विधी साहाय्य केंद्र चालवतो. माझं ठाम मत झालं आहे की पाण्याचा कायदा शिकायची पहिली जागा म्हणजे पाटबंधारे उपविभागाचं कार्यालय आणि त्याच्या हद्दीतला कालवा. कालव्याच्या दारातून किती पाणी गेलं, कुणाच्या सहीने गेलं आणि कुणाच्या शेतापर्यंत पोचलं नाही, हे ज्या विद्यार्थ्याला कागदावरून दाखवता येतं तो पुढे कुठल्याही न्यायालयात उभा राहू शकतो. हवामान न्यायाचंही तसंच. पाऊस चुकला किंवा एकदम कोसळला की कुणाचं पाणी आधी तुटतं आणि कुणाचं नुकसान पंचनाम्यात येतच नाही, हा त्याचा गाभा आहे.

तुमच्या भागासाठी पहिलं प्रकरण शोधायला लांब जायची गरज नाही. गोदावरीवरचं जायकवाडी धरण घ्या. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, 2005 यातलं कलम 12(6)(ग) फळ्यावर पूर्ण लिहा. खोऱ्यातल्या टंचाईचा भार सगळ्यांनी समन्यायी वाटून घ्यावा म्हणून ऑक्टोबरअखेर सर्व धरणांतल्या वापरायोग्य पाण्याची टक्केवारी, खरिपातला वापर धरून, साधारण सारखी राहील असं नियंत्रण करायचं, असं हे कलम सांगतं. देशात इतक्या स्पष्टपणे टंचाई वाटून घ्यायला सांगणारी तरतूद मला दुसरी माहीत नाही. कायदा 2005 चा, पण वरच्या, नगर-नाशिककडच्या धरणांतून खाली जायकवाडीत पाणी किती आणि कधी सोडायचं याचं सूत्र ठरायला मेंढेगिरी समितीचा 2013 चा अहवाल आणि प्राधिकरणाचा 19 सप्टेंबर 2014 चा आदेश यावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2016 रोजी तो उचलून धरला. मधली नऊ-दहा वर्षं कलम पुस्तकात होतं आणि पाणी वरच होतं. हे का झालं, यावरच एक अख्खा तास जाऊ द्या.

मग आकडेमोड करायला लावा. कायद्याची मुलं गणिताला बिचकतात, पण इथे गणिताशिवाय युक्तिवाद उभाच राहत नाही. जायकवाडीचा उपयुक्त साठा 2171 दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे सुमारे 76 टीएमसी (अब्ज घनफूट). 2014 च्या आदेशातल्या सूत्रानुसार 15 ऑक्टोबरला खरिपाचा वापर धरून साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचा प्रश्न येतो. 2171 चे 65 टक्के म्हणजे 1411 दलघमी. समजा त्या दिवशी धरणात 1000 आहे आणि खरिपात 150 वापरलं गेलं. तूट निघते 261, म्हणजे नऊ टीएमसीच्या आसपास. इथपर्यंत मुलं लगेच येतात. खरी मजल पुढे आहे. खरिपाचा 150 हा आकडा कुणी मोजला? वरच्या धरणांखालच्या खरीप वापराची नोंद कोणत्या वहीत आहे? वाटेत मुरणारं, उपसलं जाणारं पाणी कुणाच्या खात्यात धरायचं? 2023 साली 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हाही भांडण या आकड्यांवरच होतं. वर्गाचे दोन भाग करा. एक नगर-नाशिकच्या लाभधारकांच्या बाजूने, दुसरा मराठवाड्याच्या. पुढच्या आठवड्यात बाजू बदला. तुमच्या मुलांना वरच्यांची बाजू मांडणं जड जाईल, म्हणूनच ती मांडायला लावा. नदीत पाणी सोडलं की काठच्या गावांतल्या कृषिपंपांची वीज तोडतात, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात. त्या गावातला शेतकरी उभ्या पिकाकडे बघत ते पाणी जाऊ देतो. त्याचीही बाजू कायद्यात कुठे बसते हे शोधता आलं पाहिजे.

खोऱ्याच्या पातळीवरून मग खाली, शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या चारीवर या. एखाद्या मध्यम प्रकल्पाचा एक कालवा निवडा, त्यातली एक वितरिका म्हणजे फाटा, तिच्यावरची शेतकऱ्यांची एक पाणीवापर संस्था. मुलांना तीन ठिकाणी उभं करा: हेडला म्हणजे सुरुवातीला, मधे आणि टेलला म्हणजे शेवटाला. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, चालू असताना न्या, नाहीतर कोरडा कालवा बघून येतील. हेडला दारापाशी पट्टी असते, तिच्यावरची पातळी वाचून विसर्ग कसा काढतात हे कालवा निरीक्षकाला विचारायला सांगा. बहुतेक निरीक्षक मनापासून समजावून सांगतात, त्यांना कुणी कधी विचारलेलंच नसतं.

एका कालव्याच्या टेलला आमच्या विद्यार्थ्यांना एका शेतकऱ्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून दाखवले. सात नंबरचा पाणी अर्ज, मंजुरी, पाणीपट्टी भरल्याची पावती. सगळं नीटनेटकं. दुसऱ्या पाळीचं पाणी मात्र त्याच्या बांधापर्यंत आलंच नव्हतं. वरच्या अंगाला कालव्याशेजारी विहिरींची रांग होती आणि एके ठिकाणी चारी फोडलेली दिसत होती. एका विद्यार्थिनीने जागेवरच विचारलं, "काका, याची तक्रार कुठे दिली?" ते म्हणाले, "तोंडी सांगितलं साहेबांना." तिथे त्या मुलीचा अभ्यास सुरू झाला. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, 1976 काय म्हणतो, संस्थेशी पाणीपुरवठ्याचा करारनामा झाला आहे का, मोजून पाणी कुठल्या ठिकाणी द्यायचं ठरलं आहे, प्राधिकरणाच्या कायद्यातल्या प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्याकडे जाता येतं का. चार कायदे तिने एका शेतकऱ्याच्या पिशवीतून शिकून घेतले. लेखी तक्रार, तारीख आणि पोचपावती या तीन गोष्टींचं मोल मी वर्गात कितीही सांगितलं असतं तरी इतकं ठसलं नसतं.

याच ठिकाणी 2005 चा दुसरा कायदा शिकवा, शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा. संस्थेला घनमापन पद्धतीने, मोजून पाणी द्यायचं आणि आतलं वाटप संस्थेने करायचं. संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल यांना समान प्रतिनिधित्व. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी हे करून दाखवलं आहे. शक्य असेल तर मुलांना तिथे घेऊन जा, सहलीच्या खर्चात बसेल. पण सोबत हाही प्रश्न टाका: या संस्थेचं सभासदत्व लाभक्षेत्रातल्या जमिनीशी बांधलेलं आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचं काय? जी बाई तीस वर्षं त्या शेतात राबते पण सातबाऱ्यावर जिचं नाव नाही तिचं काय?

हा प्रश्न भूजलात अजून तीव्र होतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882, कलम 7, उदाहरण (छ) म्हणून जे मराठीत येतं ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. जमिनीखालचं, निश्चित प्रवाह नसलेलं पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क जमीनमालकाला. म्हणजे ज्याची जमीन त्याचं पाणी, आणि ज्याची बोअर खोल त्याचं जास्त. दुसरीकडे आपल्याकडे 1993 पासून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताच्या 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आलं, आणि 2009 च्या भूजल अधिनियमाने, जो 1 जून 2014 पासून लागू झाला, शेती-उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घेण्याला मनाई केली. नियमांचा मसुदा 2018 ला आला. आता विद्यार्थ्यांना त्यांच्याच गावात पाठवा. गावात दोनशे फुटांच्या खाली गेलेल्या बोअर किती, रिग मशीनवाल्याला कुणी परवानगी विचारली का, पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समिती हे नाव ग्रामसेवकाने ऐकलं आहे का. शेतकऱ्यांवर खटले भरण्यासाठी ही माहिती नको आहे, आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावा. ज्याची बाग जळते आहे त्याला 60 मीटरवर थांब म्हणणारा कायदा कुणाच्या भरवशावर उभा आहे, हे त्यांना स्वतः बघू द्या.

या सगळ्या कायद्यांनी पाणी जमिनीच्या पाठीला बांधलं आहे. तसं ते बांधायची गरज नाही, हे महाराष्ट्रातच करून दाखवलं गेलं. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नाही, कुटुंबातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस घ्यायचा नाही. हे नियम एका पानावर मावतात. ते पान विद्यार्थ्यांना द्या आणि सांगा, याचं विधेयक लिहा. एका पानाच्या नियमाला विधेयकाच्या भाषेत आणताना 'कुटुंब' म्हणजे कोण, वाटा विकता येतो का, मुलगी लग्न होऊन गेली तर तिचा वाटा जातो का, ही सगळी गाठोडी सुटतात. मसुदालेखन शिकवायला याहून चांगला मजकूर मला मिळालेला नाही.

आणि महाड. माझ्या मते महाराष्ट्रात पाण्याचा कायदा शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात चवदार तळ्याचा खटला खटला म्हणून वाचला गेलाच पाहिजे. सत्याग्रह सगळ्यांना माहीत असतो, त्यामागची कागदपत्रं माहीत नसतात. 1923 ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. 1924 ला महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केलं. कागदावर हक्क पूर्ण होता. तरी 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह जाऊन ओंजळीने पाणी प्यावं लागलं, आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. मग समोरच्यांनी दिवाणी दावा लावला: तळं सार्वजनिक नाही, आणि अस्पृश्यांना वगळायची प्रथा अनादी काळापासूनची आहे. डिसेंबर 1927 मध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळाला आणि दुसऱ्या वेळी तळ्यावर जाण्याचं थांबवावं लागलं. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल 17 मार्च 1937 चा, आणि तो बाबासाहेबांच्या बाजूचा: अशी प्रथा अनादी असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही. अंतरिम आदेशाची ताकद, पुराव्याचं ओझं कुणावर, प्रथेला कायद्याचा दर्जा कधी मिळतो, नगरपालिकेच्या मालकीचा अर्थ काय, दहा वर्षांच्या विलंबाची किंमत कुणी मोजली, हे सगळं एका निकालपत्रात आहे. शिवाय आजही गावातली टाकी कुठल्या वस्तीत बांधली आणि नळाची लाईन कुठे संपली हे बघताना मुलांचे डोळे वेगळे होतात.

शहराचा भाग मी थोडक्यात घेतो, कारण तुमचा कालवा ग्रामीण आहे. पण मुंबई उच्च न्यायालयाचा पाणी हक्क समितीच्या याचिकेवरचा डिसेंबर 2014 चा आदेश सोडू नका. 2000 नंतरच्या झोपड्या बेकायदा असल्या तरी तिथल्या माणसांचं पाणी तोडता येत नाही, ते जगण्याच्या हक्कात येतं, असं न्यायालयाने म्हटलं. घर आणि पाणी हे दोन हक्क वेगळे करून दाखवणारा हा निकाल आहे.

आता हवामान न्याय. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. तुमच्या विद्यार्थ्यांनी लहानपणी तो दुष्काळ पाण्याच्या रांगेतून पाहिलेला आहे. आणि सप्टेंबर 2025 मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने जमिनी खरडून गेल्या. एकाच प्रदेशात, दहा वर्षांच्या आत. हवामानबदल म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायची गरज नाही. कायदा कुठे कमी पडतो ते दाखवायची गरज आहे, आणि ते पंचनाम्यात दिसतं. नुकसानभरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. बटाईने किंवा ठोक्याने जमीन कसणाऱ्याने बियाणं-खत स्वतःचं घातलेलं असतं, करार तोंडी असतो, आणि यादीत नाव मालकाचं येतं. शेतमजुराची बुडालेली मजुरी तर कुठल्याच रकान्यात नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचा विचार करा: पाण्याअभावी बीडहून निघायचं आणि भरपूर पाणी पिणारा ऊस तोडायला पाणी असलेल्या पट्ट्यात जायचं. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीवर, पिण्याच्या पाण्याची सोय करायची जबाबदारी नेमकी कुणाची, हा प्रश्न एका गटाला सत्रभर पुरतो.

पुराच्या बाजूने पूररेषा घ्या. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. ऑगस्ट 2019 ला सांगली-कोल्हापुरात आणि जुलै 2021 ला चिपळूण-महाडला पाणी कुठवर चढलं हे लोकांनी भिंतींवर खुणा करून ठेवलं आहे. तुमच्या तालुक्याच्या गावात नदीच्या नकाशावर या रेषा आखलेल्या आहेत का, त्यांच्या आत बांधकाम परवाने कुणी दिले, आणि रेषेच्या आत सगळ्यात खाली राहणारी वस्ती कुणाची, हे नकाशा, परवान्यांची नोंदवही आणि मतदारयादी शेजारी ठेवून बघता येतं.

एवढं पायाखालचं झालं की मोठे निकाल शिकवा. 2024 च्या रणजितसिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 14 आणि 21 मध्ये वाचला. मात्र तो खटला माळढोक पक्षी आणि उघड्या वीजवाहिन्यांचा होता. त्यातलं किती वाक्य बंधनकारक आणि किती ओघात आलेलं, हे मुलांनी काढून दाखवलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक अर्जात ते वाक्य चिकटवायची सवय लागते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं 23 जुलै 2025 चं सल्लागार मतही घ्या. त्याची सुरुवात 2019 ला दक्षिण पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या 27 विद्यार्थ्यांनी केली होती. त्यांनी वानुआतू सरकारला पटवलं, त्या छोट्या देशाने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला, आणि प्रश्न हेगला पोचला. तुमच्या वर्गातल्या मुलांना हे आवर्जून सांगा.

कुठलं दार ठोठवायचं, हा स्वतंत्र तास ठेवा. विद्यार्थ्यांचा पहिला विचार नेहमी जनहित याचिका. मी ती शेवटी ठेवायला शिकवतो. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे आणि भरपाई न मागणाऱ्या अर्जाला 1000 रुपये शुल्क पुरतं, पण लवादाच्या कायद्यातल्या कलम 14 ची मुदत वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, वर फार तर 60 दिवस. भरपाईसाठी कलम 15 खाली पाच वर्षं. नाल्यात मळी सोडली तर लवाद, पण कालव्याची पाळी आली नाही तर लवादाचा काही उपयोग नाही. आदिवासी भाग जवळ असेल तर पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) आणि वनहक्क कायदा ग्रामसभेला लहान जलसाठे आणि पाण्याचे स्रोत यांबाबत जे अधिकार देतात ते जरूर शिकवा, ती ताकद अनेक वकिलांना माहीत नसते.

माहितीचा अधिकार तर लिहूनच शिकवायचा. 'कालव्याच्या पाणीवाटपाची माहिती द्यावी' असा अर्ज केला की 'माहिती विस्तृत आहे, कार्यालयात येऊन पाहावी' असं उत्तर येतं. त्याऐवजी 'अमुक वितरिकेच्या शीर्षद्वारावरील, रब्बी 2023-24 च्या दुसऱ्या आवर्तनातील दैनिक विसर्ग नोंदवहीच्या प्रती, आणि कालवा सल्लागार समितीच्या त्या हंगामाच्या बैठकीचं इतिवृत्त' असं मागा. ज्या कागदाचं नाव घेऊन मागाल तोच कागद हाती येतो. म्हणून कार्यालयात कुठल्या वह्या असतात हे आधी कळावं लागतं.

व्यवस्थेबद्दल थोडं. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवड्यांची उमेदवारी (इंटर्नशिप) लागतेच. त्यातले काही आठवडे पाणीवापर संस्थेकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लावता येतात का ते तुमच्या प्राचार्यांशी बोला. छत्रपती संभाजीनगरला वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) आहे, तिथल्या निवृत्त अभियंत्यांना बोलवा. दलघमी, मृतसाठा (दारातून न निघणारं तळातलं पाणी), वहनव्यय (वाटेत वाया जाणारं पाणी) या गोष्टी वकिलाने अभियंत्याकडूनच शिकाव्यात. काम मराठीत करून घ्या, कारण अर्ज वाचणारा शाखा अभियंता आणि ग्रामसभा दोन्ही मराठीत चालतात.

एका गोष्टीवर तडजोड करू नका. मुलांनी गावात जाऊन कुणाला 'पाणी मिळवून देतो' म्हणायचं नाही. ते अजून वकील नाहीत, वकीलपत्र घेऊ शकत नाहीत, आणि ज्याने तीनदा आशा लावून घेतली आहे त्याला चौथ्यांदा लावायचा अधिकार आपल्याला नाही. जे कागद गोळा केले त्यांची एक व्यवस्थित फाईल करून संस्थेच्या सचिवाकडे द्यायची, ती वाचून दाखवायची आणि पुढच्या तुकडीकडे सोपवायची. गुण त्या फाईलला द्या. लेखी परीक्षा विद्यापीठाला हवी असेल तर वीस-तीस गुणांची ठेवा.

वेळापत्रक मात्र नदीच्या हिशेबाने बसवा. जून-जुलैमध्ये कायदे आणि जुन्या हंगामाच्या नोंदी, ऑगस्टमध्ये माहिती अधिकाराचे अर्ज टाका म्हणजे 30 दिवसांची मुदत सप्टेंबरात संपते आणि अपिलालाही वेळ राहतो. 15 ऑक्टोबरला धरणातला साठा कळतो, तेव्हा जायकवाडीचा वादविवाद ठेवा. रब्बीची कालवा सल्लागार समितीची बैठक त्यानंतर होते. त्या बैठकीला विद्यार्थ्यांना मागे बसू द्यावं असं पत्र कार्यकारी अभियंत्यांना ऑगस्टमध्येच द्या, आणि पोचपावती घ्या.